एक मागणी, अनेक पेट्या

१९५७ साली, भारताच्या दुसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीत, मतदाराला कागदावर शिक्का मारावा लागत नसे. मतदानकेंद्रातील अधिकाऱ्याने दिलेली, उमेदवाराच्या नावाचा मागमूसही नसलेली मतपत्रिका हातात घेऊन तो पडद्याआड जाई. तेथे प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र लोखंडी पेटी मांडून ठेवलेली असे. आणि पेटीवर डकवलेल्या चिन्हाकडे पाहून, ज्याला मत द्यावयाचे त्याच्या पेटीच्या फटीतून ती पत्रिका आत सारली, की मतदान पुरे होई. ज्या पक्षाचे चिन्ह सर्व देशात एकच, त्याला ही पद्धती फार सोयीची होती. कच्छपासून चांद्यापर्यंत पसरलेल्या त्या वेळच्या विशाल द्वैभाषिक मुंबई राज्यात काँग्रेसच्या प्रचारकाने 'बैलजोडी' एवढा एक शब्द उच्चारला, तरी त्याचे निम्मे काम होत असे. काँग्रेसच्या विरुद्ध उभ्या राहिलेल्या, अनेक पक्षांच्या बनलेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीची गोष्ट अगदी उलट होती. एका मतदारसंघात तिचा उमेदवार झोपडीच्या पेटीत असे, शेजारच्या मतदारसंघात कणीस-कोयत्याच्या, पलीकडच्या तालुक्यात हत्तीच्या, तर कोकणात किंवा खानदेशात दिव्याच्या. आणि तरीही या सर्व पेट्या एकाच मागणीच्या आहेत हे अक्षरशत्रू मतदाराला पटवून देण्याचे काम तिच्या कार्यकर्त्यांना थोडक्या आठवड्यांत उरकावयाचे होते. ते त्यांनी कसे उरकले, कोणत्या नेत्याने कोणता भार उचलला, आणि त्या यशाची सीमा कोठे होती, हा महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासातील मला अत्यंत उद्बोधक वाटणारा प्रसंग आहे.

मुंबईसह सर्व मराठी मुलखाच्या एका राज्याची ही मागणी जुनी होती. मे १९४६ मध्ये बेळगावच्या साहित्यसंमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, मराठी भाषकांच्या एकत्रीकरणाचा ठराव संमत झाला, आणि पुढे शंकरराव देव यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त महाराष्ट्र परिषदेने तो अर्जविनंत्यांच्या, निवेदनांच्या व समित्यांपुढील साक्षींच्या मार्गाने दिल्लीपर्यंत नेला. दार कमिशन, त्यामागून नेहरू-पटेल-पट्टाभी यांची समिती, आणि अखेरीस फाजल अली, हृदयनाथ कुंझरू व सरदार पणिक्कर यांचा राज्यपुनर्रचना आयोग, अशा तीन दरबारांपुढे मराठी माणसाने आपली कैफियत मांडली. आयोगाने १९५५ च्या उत्तरार्धात जो अहवाल दिला, त्यात विदर्भाचे राज्य निराळे व उरलेला मराठी मुलूख गुजरातसह मुंबईच्या द्वैभाषिकात, अशी तजवीज होती. त्यावर काँग्रेस श्रेष्ठींनी महाराष्ट्र, गुजरात व मुंबई शहर अशी तीन राज्यांची योजना पुढे केली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी निदर्शकांवर गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी मुंबई केंद्रशासित राहील असे नभोवाणीवरून जाहीर केले, आणि त्यानंतरच्या आठवड्यात गिरगाव, लालबाग, परळ या वस्त्यांतून जे रक्त सांडले, त्यामुळे निवेदनांचे युग संपले. या लढ्यातील हुतात्म्यांचा आकडा पुढे एकशेपाचावर गेला. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी राजीनामा देऊन लोकसभेत पंतप्रधानांच्या निर्णयपद्धतीवर कठोर टीका केली, तेव्हा आजवर राजकारणापासून दूर राहिलेला सुशिक्षित मध्यमवर्गही हलला.

६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात केशवराव जेधे यांच्या अध्यक्षतेखाली जी सभा भरली, तिच्यातून संयुक्त महाराष्ट्र समितीचा जन्म झाला. कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे अध्यक्ष, डॉ. त्र्यं. रा. नरवणे उपाध्यक्ष, आणि प्रजासमाजवादी एस. एम. जोशी सरचिटणीस. ही नावे आज सहज वाचली जातात. परंतु प्रजासमाजवादी व कम्युनिस्ट हे दोन पक्ष त्या काळी परस्परांकडे ज्या दृष्टीने पाहत होते ती ध्यानी घेतली, म्हणजे या रचनेत केवढे साहस होते ते कळते. त्यात शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, लाल निशाण गट, हिंदुमहासभा आणि निवडणुकीच्या सुमारास जनसंघ, अशी मंडळी एका मांडवात आली. आर्थिक धोरण, धर्म, परराष्ट्रनीती, जातिव्यवस्था यांपैकी एकाही प्रश्नावर त्यांचे एकमत होण्याचा संभव नव्हता. त्याच वर्षाच्या अखेरीस हंगेरीत सोव्हिएट रणगाडे शिरले, आणि जगभरच्या समाजवाद्यांप्रमाणे महाराष्ट्रातील समाजवाद्यांनाही आपल्या व्यासपीठावरील शेजाऱ्याकडे पाहून घशाशी आलेला आवंढा गिळावा लागला.

या परिस्थितीत समितीने जी शिस्त पाळली, तिला मी तिच्या यशाचे पहिले कारण मानतो. मुंबई, बेळगाव, कारवार, निपाणी यांसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, या एका वाक्यापलीकडे समितीच्या नावाने सहसा काही बोलावयाचे नाही, असा दंडक मोठ्या प्रमाणावर पाळला गेला. प्रत्येक पक्षाचा आपला जाहीरनामा होता, आपले वर्तमानपत्र होते, आणि आपापल्या सभेत जो तो आपला वाद सांगावयास मोकळा होता. पण समितीच्या व्यासपीठावर चढताना तो पायरीशी ठेवून यावा लागे. या वाक्याची घडण पाहण्यासारखी आहे. 'व्हावा' असे विनवणीचे रूप त्यात नाही. 'झालाच पाहिजे' या दोन शब्दांत काल व विधी यांचा सारा संदेह संपतो, आणि ते हजारोंच्या कंठातून ठेक्यावर बाहेर पडू शकतात. भोवती गावांची नावे एकामागून एक जोडता येत असल्यामुळे निपाणीचा तंबाखूकामगार व बेळगावचा वकील या दोघांनाही घोषणेत आपले गाव ऐकू येई. एवढ्या लहान वाक्यात इतका भूगोल मावलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

नेतृत्वाची वाटणीही तितकीच विचारपूर्वक वाटते, मग ती कोणी मुद्दाम केलेली असो वा स्वभावगुणांनी आपोआप झालेली असो. डांगे यांच्यामागे गिरणगावातील कामगारसंघटनेचे बळ होते. चाळीचाळींतून संप यशस्वी करून दाखविलेली माणसे होती. आणि घरोघर मतदारयादी घेऊन फिरणे, चिठ्ठ्या पोचविणे, मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्याकोताऱ्यांना केंद्रावर आणणे, ही रुक्ष परंतु निर्णायक कामे कशी करावयाची ते या माणसांना कोणी शिकवावे लागले नाही. एस. एम. जोशी यांचा अधिकार निराळ्या जातीचा होता. क्षुब्ध जमावाला सामोरे जाऊन त्याला हिंसेपासून परावृत्त करणारा, गुजराती माणूस आपला शत्रू नव्हे असे भर सभेत ऐकवणारा हा नेता समितीला जी नैतिक पत मिळवून देत होता, ती अन्य कोणाला देता आली नसती. १९५६ च्या जानेवारीत मुंबईत गुजराती व्यापाऱ्यांच्या दुकानांवर हल्ले झाले होते, आणि त्या आगीत मागणीच जळून जाण्याचा धोका होता. एस. एम. यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो ओळखला. तिकडे अहमदाबादेत महागुजरातेची मागणी घेऊन उभे राहिलेल्या इंदुलाल याज्ञिकांशी सख्य जोडले. आणि हा झगडा लादलेल्या द्वैभाषिकाशी आहे, शेजाऱ्याशी नाही, हे जाहीर केले. रत्नागिरीतून प्रेमजीभाई आशर व पूर्व खानदेशातून नौशेर भरुचा हे गुजरातीभाषक उमेदवार १९५७ साली लोकसभेवर निवडून आले, ही गोष्ट त्या भूमिकेची सर्वांत मोठी साक्ष आहे, असे मला वाटते.

आणि तिसरे आचार्य अत्रे. नोव्हेंबर १९५६ मध्ये त्यांनी 'मराठा' दैनिक सुरू केले, आणि सकाळच्या अंकात जे छापले जाई ते संध्याकाळी शिवाजी पार्कवर किंवा चौपाटीवर त्यांच्या मुखातून पुन्हा गर्जत असे. विनोद, विडंबन, उपमर्द, पुराणातले दाखले व इतिहासातली दूषणे यांचा जो मारा त्यांनी मोरारजी देसाई, स. का. पाटील व यशवंतराव चव्हाण या काँग्रेस नेत्यांवर केला, त्याने सभा जिंकल्या यात शंका नाही. त्याचा काही भाग मर्यादेबाहेरचा होता, हेही सत्य लिहिले पाहिजे. यशवंतरावांना फितूर म्हणून बदनाम झालेल्या सूर्याजी पिसाळाच्या पंक्तीस बसविणे अन्यायाचे होते, आणि तो अन्याय त्या माणसाच्या जिव्हारी लागला असल्यास नवल नाही. परंतु एस. एम. यांचा संयम आणि अत्र्यांचा आवेश ही एकाच व्यासपीठावर शेजारी शेजारी असल्यामुळे श्रोत्याला आपल्या क्षोभाला वाट व आपल्या सद्सद्विवेकाला आधार, अशा दोन्ही गोष्टी एकाच सभेत मिळत, आणि समितीच्या प्रचाराचे बळ या संयोगात होते.

काँग्रेसची बाजू दुबळी होती असे समजणे चुकीचे ठरेल. ऑगस्ट १९५६ मध्ये संसदेने विशाल द्वैभाषिकाचा निर्णय घेतला व १ नोव्हेंबरला यशवंतराव त्याचे मुख्यमंत्री झाले, तेव्हा त्यांच्या हाती एक खरोखरीचा युक्तिवाद आला होता. विदर्भ, मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्र प्रथमच एका राज्यात आले होते. मुंबई शहर त्याच राज्याची राजधानी होती. केंद्रशासित मुंबईची योजना मागे पडली होती. मग आणखी काय हवे, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो त्यांनी सौम्य, अभ्यस्त व कळकळीच्या भाषेत विचारला. पण हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मागे १९५५ च्या डिसेंबरातील फलटणची सभा उभी होती. तेथे संयुक्त महाराष्ट्र व नेहरू यांत निवड करावयाची झाली तर आपण नेहरूंचे नेतृत्व पत्करू, असा आशय त्यांच्या भाषणात आला होता. पक्षनिष्ठेच्या व राष्ट्रीय दृष्टीच्या चौकटीत त्या विधानाला अर्थ होता. परंतु गोळीबारानंतरच्या महाराष्ट्रात त्याचे समर्थन करणे अशक्य होऊन बसले. समितीने त्या एका वाक्याची आठवण देण्याची संधी कधी दवडली नाही. युक्तिवाद ऐकून घेण्यापूर्वी श्रोता वक्त्याच्या निष्ठेचा दाखला मागतो, आणि तो दाखला त्या वर्षी यशवंतरावांना देता आला नाही.

शाहिरांनी काय केले, ते सविस्तर सांगितल्यावाचून या निवडणुकीचा वृत्तांत पुरा होणार नाही. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर हे तिघे लाल बावटा कलापथकाच्या दिवसांपासून कामगारवस्तीत रुळलेले होते. अमर शेखांचा पहाडी आवाज ध्वनिक्षेपकावाचूनही मैदानाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचे, आणि वक्ता येईपर्यंत दोन-दोन तास सभा धरून ठेवण्याची त्यांची ताकद नेत्यांच्या भाषणांइतकीच मोलाची होती. अण्णा भाऊंच्या 'माझी मैना' या छक्कडीची रचना पाहावी. गावाकडे बायकोला ठेवून मुंबईत पोटामागे आलेल्या गड्याची ती विरहकथा आहे. तिचे रूप, तिचा शृंगार, निरोपाच्या वेळची तिची अवस्था हे सारे लावणीच्या ढंगात येते. आणि ऐकणारा त्या दुःखात पुरता गुंतला, की शाहीर त्याच विरहाचा धागा तोडून नेलेल्या मराठी मुलखाला जोडतो. गिरणीच्या तिसऱ्या पाळीवरून सुटून आलेला सातारचा किंवा रत्नागिरीचा माणूस राज्यपुनर्रचना आयोगाच्या अहवालातील एक ओळही वाचलेला नव्हता. पण सीमारेषा म्हणजे काय ते त्याला त्या छक्कडीने सांगितले, कारण त्याच्या घराची सीमारेषा रोज त्याच्या छातीवरून जात होती. नकाशावरील मागणीला घरच्या दुःखाचे शरीर देणारी ही कला पैशाने विकत घेता येण्यासारखी नव्हती. पुढे हाच माणूस सुगीला किंवा सणाला गावी गेला म्हणजे ते गाणे व ती घोषणा त्याच्याबरोबर घाट उतरून वा चढून जाई, आणि मुंबईचा प्रचार वर्तमानपत्र न पोचणाऱ्या वाड्यांवस्त्यांपर्यंत जाऊन पोचे.

आता पेट्यांकडे वळू. काही मतदारसंघ तेव्हा द्विसदस्य होते. तेथे एक जागा सर्वसाधारण व एक राखीव असे; मतदाराला दोन मतपत्रिका मिळत, आणि त्या दोन निरनिराळ्या पेट्यांत टाकावयाच्या असत. दोन्ही एकाच पेटीत पडल्या तर एक बाद होई. १९५२ च्या निवडणुकीत उत्तर मुंबईच्या अशाच मतदारसंघात डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले होते. बाद ठरलेल्या मतपत्रिकांची संख्या सत्तर हजारांवर गेली होती. बाबासाहेब व अशोक मेहता यांनी निवडणुकीविरुद्ध अर्ज केला होता. आणि राखीव जागेचे मत कुजवण्याचा, म्हणजे मुद्दाम वाया घालवण्याचा, प्रचार झाला म्हणून त्या वेळी कम्युनिस्टांकडे बोट दाखविले गेले होते. डांगेही त्याच निवडणुकीत उमेदवार होते. ही जखम पाच वर्षांपूर्वीची होती, आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाल्यामुळे ती अधिकच हळवी झाली होती. अशा स्थितीत १९५७ साली मध्य मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात समितीने डांगे व बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे गो. का. माने यांना एकत्र उभे केले, आणि एक पत्रिका कणीस-कोयत्याच्या पेटीत व दुसरी हत्तीच्या पेटीत, असा पाठ चाळीचाळींतून दिला गेला.

या साध्या दिसणाऱ्या सूचनेत किती गोष्टी सामावल्या होत्या! सवर्ण गिरणीकामगाराने आपले दुसरे मत वाया न घालवता फेडरेशनच्या उमेदवाराला द्यावयाचे होते. बाबासाहेबांच्या अनुयायाने ज्या पक्षावर त्याचा रोष होता, त्याच्या पेटीत आपले एक मत विश्वासाने टाकावयाचे होते. आणि पडद्याआड कोणी पाहत नसताना हे दोघांनीही करावयाचे होते. त्यांनी ते केले. डांगे व माने दोघेही निवडून आले. कोल्हापूरच्या द्विसदस्य मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाचे महागावकर व फेडरेशनचे दिगे असे दोघे बरोबर लोकसभेत गेले, आणि नाशिकमधून दादासाहेब गायकवाड विजयी झाले. एकीकरणाच्या घोषणेने जात विसरावयास लावली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु मत कुजवण्याची गोष्ट काढणाऱ्याला ऐकणारा कोणी उरला नाही, एवढे तिने निश्चित केले, आणि हे यश मला या निवडणुकीतील इतर कोणत्याही विजयापेक्षा मोठे वाटते.

निकाल लागले तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची इमारत ढासळलेली दिसली. साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील, राजापुरातून बॅरिस्टर नाथ पै लोकसभेवर गेले. अत्रे दादरमधून विधानसभेत आले. आणि स्वतः मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कऱ्हाडमधून अल्पशा मताधिक्याने कसेबसे तरले. पुण्यातील लढत सर्वांत हृदयस्पर्शी होती. समितीचे उमेदवार नानासाहेब गोरे हे गोवा-सत्याग्रहाबद्दल पोर्तुगीजांच्या आग्वाद तुरुंगात दीड वर्षाहून अधिक काळ काढून १९५७ च्या प्रारंभीच सुटून आले होते, आणि अशा उमेदवाराची ओळख करून देण्यासाठी भाषण लागत नाही. त्यांच्यासमोर होते काकासाहेब गाडगीळ. संयुक्त महाराष्ट्राची बाजू संसदेत धैर्याने मांडणारा, मुंबईच्या प्रश्नावर आपल्या पक्षश्रेष्ठींना स्पष्ट शब्दांत इशारा देणारा हा नेता बैलजोडीच्या पेटीत होता, एवढ्याच कारणासाठी हरला. एका वाक्यावर केंद्रित झालेला प्रचार मनुष्यामनुष्यातला भेद पाहत नाही, आणि काकासाहेबांच्या पराभवाचे मला आजही वाईट वाटते.

सर्व राज्याचा ताळेबंद मात्र वेगळा होता. विधानसभेच्या ३९६ जागांपैकी २३४ जागा काँग्रेसकडे गेल्या. विदर्भ, मराठवाडा व सौराष्ट्र यांनी तिची सत्ता राखली. मुंबई शहरातही स. का. पाटील व कृष्ण मेनन लोकसभेवर निवडून आले. फ्लोरा फाउंटनच्या गोळीबाराचा दाह नागपूर-अमरावतीपर्यंत तितका पोचला नव्हता. विदर्भाच्या मनात स्वतःच्या राज्याची आकांक्षा जिवंत होती. आणि निजामाच्या राजवटीतून नुकत्याच मोकळ्या झालेल्या मराठवाड्याला मराठी राज्यात सामील झाल्याचे समाधान मुंबईच्या दुःखापेक्षा निकटचे होते. समितीपाशी त्यांना देण्यासारखे दुसरे वाक्य नव्हते. उद्धवराव पाटलांसारखे शेतकरी कामगार पक्षाचे निष्ठावंत मराठवाड्यात झटले, तरी मुंबईत जन्मलेली भाषा गोदावरीकाठी त्याच जोराने उमटली नाही.

विधानसभेत बहुमत नसतानाही समितीने द्वैभाषिकाचा पाया उखडला होता, हे सर्वांत आधी यशवंतरावांनी ओळखले. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी नेहरू आले, तेव्हा समितीने घाटाच्या वाटेवर प्रचंड परंतु शांत निदर्शने केली. शिस्तीने उभ्या राहिलेल्या त्या समुदायातून पंतप्रधानांची मोटार गेली, आणि महाराष्ट्राची भावना ही थोड्या चिथावणीखोरांची करामत आहे, हा समज त्यानंतर टिकणे कठीण होते. पुढची मसलत यशवंतरावांनी दिल्लीत, बंद दाराआड, धिमेपणाने केली. इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्ष असताना १९५९ मध्ये तिला गती आली. आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. बेळगाव, कारवार व निपाणी मात्र बाहेरच राहिली.

मागणीचा मोठा भाग पदरात पडताच समितीतील जुने भेद उघडे झाले. प्रजासमाजवादी बाहेर पडले. उरलेल्यांना एकत्र बांधणारे नवे सूत्र कोणी दिले नाही. राज्याचा मंगलकलश आणणारा म्हणून आता यशवंतरावांचे नाव घेतले जात होते, आणि साखर कारखाने, सहकारी पतपेढ्या, जिल्हा परिषदा यांची भाषा ते बोलत होते. १९६२ च्या निवडणुकीत नव्या विधानसभेच्या २६४ जागांपैकी २१५ काँग्रेसने जिंकल्या. डांगे पराभूत झाले. पुण्यात नानासाहेब गोऱ्यांच्या जागी, एकेकाळी शेतकरी कामगार पक्षाचे आधारस्तंभ असलेले शंकरराव मोरे काँग्रेसच्या वतीने निवडून आले. साताऱ्यात क्रांतिसिंहांनी जिंकलेली जागा किसन वीर यांच्याकडे गेली. राजापुरात नाथ पै यांनी आपली जागा राखली. कोकणच्या बंदरांचे, रेल्वेचे व गोव्याचे प्रश्न त्यांनी या पाच वर्षांत लोकसभेत लावून धरले होते, आणि राजापूरच्या मतदारांनी १९६७ मध्येही त्यांनाच पुन्हा दिल्लीला पाठविले.